स्वराचा धनी कोण?

जुन्या मराठी नाटकाचे पुस्तक उघडले की आरंभीच्या पानांवर एक सूचना हटकून भेटते : 'सर्व हक्क स्वाधीन.' प्रयोग करावयाचा असल्यास लेखकाची परवानगी घ्यावी, असेही खाली बारीक टाइपात छापलेले असते. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आम्हा मंडळींना ही सूचना फार परिचयाची. १९५६ साली भोपाळ राजधानी झाले आणि नागपूर, ग्वाल्हेर, इंदूर येथून नोकरीच्या निमित्ताने अनेक मराठी कुटुंबे येथे येऊन स्थिरावली. त्यांनी संसाराबरोबर गणपती आणला आणि गणपतीबरोबर नाटक व गाणे. तालमी सुरू होण्यापूर्वी मंडळाच्या चिटणिसांनी लेखकाला पत्र आणि मनिऑर्डर धाडावयाची, असा रिवाज पडला. वस्तुतः १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात हौशी मंडळाने विनामूल्य प्रेक्षकांसमोर किंवा धार्मिक संस्थेच्या साहाय्यार्थ केलेल्या प्रयोगाला सवलत आहे. तरीही मंडळी विचारीत. ज्याच्या शब्दांवर आपण चार घटका आनंदात घालवणार, त्याला निदान विचारावे, एवढाच त्यामागचा भाव होता.

हे सारे आठवण्याचे कारण गेल्या वर्षीच्या उत्सवाची पूर्वतयारी. आमच्या मंडळाच्या बैठकीत एका तरुण सभासदाने खिशातून मोबाइल काढला आणि एक स्वागतगीत ऐकवले. शब्द मराठी, चाल गोड, साथीला सतार आणि तबला. 'कृत्रिम बुद्धिमत्तेने अर्ध्या मिनिटात केले,' तो म्हणाला. त्यानंतर त्याने एक भावगीत लावले. आवाज एका दिवंगत गायकाचा. गीत मात्र त्या गायकाने आयुष्यात कधी गायिलेले नव्हते. बैठकीतील काही भगिनींचे डोळे पाणावले. सूचना अशी आली की, यंदा स्वागतगीत यंत्राचेच असावे आणि पेटीमास्तरांना मुलांची गाणी बसवण्यासाठी देण्यात येणारे पाच हजार रुपयांचे मानधन मांडवाच्या खर्चाकडे वळवावे.

पेटीमास्तर बैठकीला नव्हते. वयाच्या सत्तरीतही ते श्रावणापासून दररोज सायंकाळी सायकलवरून येतात, मुलांना चाल शिकवतात आणि परप्रांतात वाढलेल्या त्या जिभांकडून 'ळ' आणि 'ण' घासून घेतात. त्यांच्या चाली कोठे छापलेल्या नाहीत. त्यांतील एक चाल एका अनोळखी माणसाने आपल्या नावाने इंटरनेटवर चढवली आहे, हे त्यांना त्यांच्या नातवाकडून कळले. ते एवढेच म्हणाले, 'माझं नाव नसलं तरी चालेल, पण दुसऱ्याचं कशाला?'

आम्ही सूचनेला विरोध केला, तेव्हा त्या तरुणाने प्रश्न टाकला, 'सर, प्रत्येक गवई कुणाचे तरी ऐकूनच शिकतो ना? मग यंत्राने ऐकले तर बिघडले काय?' प्रश्न प्रामाणिक होता आणि शाळामास्तराने प्रामाणिक प्रश्न टाळू नये.

आम्हाला कुमार गंधर्वांची आठवण झाली. बेळगावजवळच्या सुळेभावी येथे १९२४ साली जन्मलेले शिवपुत्र कोमकळी लहानपणी मोठमोठ्या गायकांच्या ध्वनिमुद्रिका हुबेहूब गाऊन दाखवीत. आजचे यंत्र जे करते, तेच त्या बालकाच्या कंठातून उमटे, आणि श्रोते थक्क होत. पण तो मुलगा तेथे थांबला नाही. तो मुंबईस प्रा. बी. आर. देवधरांकडे गेला आणि वर्षानुवर्षे शिकला. पुढे क्षयाने गाठले, म्हणून १९४८ साली हवापालटासाठी देवासला आला. भोपाळहून दीडशे किलोमीटरवरच्या त्या गावी, गाणे बंद असलेल्या काळात, त्यांच्या कानी माळव्याची लोकगीते पडली. त्यांतून त्यांनी नवे राग शोधले आणि १९६५ साली 'अनूपरागविलास' प्रसिद्ध केला. नकलेपासून निघालेला तो मुलगा स्वतःच्या आवाजापाशी पोचला, आणि आपण कोठून काय घेतले हे सांगण्यात त्याने कधी कमीपणा मानला नाही.

गुरूचे नाव उच्चारताना गवई कानाच्या पाळीला हात लावतो. यंत्राला कान आहेत, पण पाळी नाही. हजारो ध्वनिमुद्रणे त्याच्यात ओतली जातात. कोणत्या सुरामागून कोणता सूर येतो, याचा ताळा ते बसवते आणि त्या ताळ्यावरून नवे गाणे पाडते. त्या हजारांपैकी कुणाला विचारले, कुणाला काय दिले, याचा हिशेब ऐकणाऱ्याला मिळत नाही.

आपल्या परंपरेने नावाची काळजी कायद्याच्या कितीतरी आधी घेतली होती. अभंगाच्या अखेरीस तुकोबा आणि नामदेव आपले नाव घालतात. ख्यालाच्या बंदिशीत 'सदारंग' येतो. जगन्नाथबुवा पुरोहित 'गुणिदास' म्हणून आपल्या रचनांत आजही भेटतात. बंदिश ज्याच्या तोंडी जाईल त्याने ती गावी, पण कर्त्याचे नाव तिच्यातच गुंफलेले असावे, अशी ही योजना होती.

कायद्यानेही हळूहळू पावले टाकली. गीतकार आणि संगीतकार यांचा हक्क त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. गाणाऱ्याला आणि वाजवणाऱ्याला मात्र स्वतंत्र हक्क मिळण्यास १९९४ साल उजाडावे लागले. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांना स्वामित्वधनाचा असा वाटा दिला, की तो त्यांच्याकडून लिहून घेता येत नाही. पण आवाज ही काही 'कृती' नव्हे. तेव्हा आवाजाची प्रतिकृती कॉपीराइटच्या चिमटीत नीट सापडत नाही. म्हणून मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ साली अरिजित सिंग यांच्या आणि २०२५ साली आशा भोसले यांच्या प्रकरणात व्यक्तिमत्त्वाच्या हक्काचा आधार घेतला आणि त्यांच्या आवाजाची परवानगीवाचून यंत्रनिर्मित नक्कल करण्यास अंतरिम मनाई केली. जर्मनीत म्युनिकच्या न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये, नऊ गीतांचे शब्द यंत्राच्या स्मृतीत साठवून पुन्हा बाहेर काढणे हा हक्कभंग होय, असा निर्णय दिला. आपल्याकडे डिसेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारच्या उद्योग संवर्धन विभागाच्या समितीने, यंत्राच्या शिक्षणासाठी कृती वापरू द्याव्यात पण कर्त्यांना त्याचे स्वामित्वधन मिळावे, असा विचार मांडला.

तरी वाट सोपी नाही. भोपाळमध्ये १९८१ पासून डागर घराण्याच्या उस्तादांनी ध्रुपद केंद्रात शिष्य घडवले. तेव्हा डागरांच्या 'शिवस्तुती'वरून ए. आर. रहमान यांच्याविरुद्ध दिल्लीत चाललेला दावा आमच्या शहरात विशेष आस्थेने चर्चिला गेला. एप्रिल २०२५ मध्ये एकल न्यायाधीशांनी डागरांच्या बाजूने आदेश दिला. सप्टेंबरमध्ये खंडपीठाने तो रद्द केला. राग सर्वांचा, घराण्याची शैली अनेकांची, मग रचना कोणाची? जिथे हाडामांसाच्या गायकांमध्येच ही रेघ ओढताना न्यायमूर्तींची मते भिन्न होतात, तिथे यंत्राबाबत काय होणार, हे उघड आहे.

शिवाय आशाताईंना न्यायालयाची पायरी चढता आली. आमच्या पेटीमास्तरांनी कोणत्या वकिलाकडे जावे? सायकलवर फिरणाऱ्या कलावंतापर्यंत कायदा उशिरा पोचतो. शेजारी त्याआधी पोचू शकतो. बैठकीत आम्ही हेच मांडले. यंत्राशी आमचे वैर नाही. ज्या खेड्यात पेटी नाही, गुरू नाही, तेथील मुलाला ते सूर दाखवील तर आम्हाला आनंदच आहे. पण जेथे मास्तर दाराशी येतो, तेथे त्याला घरी बसवून पाच हजार वाचवणे ही काटकसर नव्हे.

चर्चा दोन तास चालली. अखेर तीन ठराव झाले. पेटीमास्तरांचे मानधन चालू राहावे. दिवंगत कलावंताच्या आवाजात त्याने न गायिलेले गीत मंडपात लावू नये. आणि प्रत्येक गाण्यापूर्वी गीतकार, संगीतकार आणि मूळ गायक यांची नावे ध्वनिक्षेपकावरून सांगावीत. तिसऱ्या ठरावाला त्या तरुणानेच अनुमोदन दिले आणि नावे शोधण्याचे कामही अंगावर घेतले. पंधरा दिवस तो जुन्या तबकड्यांची वेष्टने आणि गीतसंग्रह चाळीत होता. आपण लहानपणापासून गुणगुणत असलेल्या अर्ध्या गाण्यांचे कवी आपल्याला ठाऊक नव्हते, असे त्याने आम्हाला सांगितले.

चतुर्थीच्या सायंकाळी मुलांनी मास्तरांनी बसवलेले स्वागतगीत गायिले. दुसऱ्या कडव्यात ताल थोडा पुढे गेला आणि मास्तरांनी पेटीवरूनच मान हलवून तो मागे आणला. गाणे सुरू होण्यापूर्वी त्यांचे नाव उच्चारले गेले, तेव्हा ते पेटीचा भाता तपासत खाली पाहत होते. आमच्या वाचकांच्या मंडळांतही असा एखादा मास्तर असेलच. येत्या उत्सवात त्याच्या गाण्याआधी त्याचे नाव मोठ्याने घ्यावे, इतकीच आमची विनंती.