आंब्याला डॉक्टर बोलावला

आपल्याकडे झाडासाठी दोनच माणसं बोलावली जातात, माळी आणि लाकूडतोड्या. पहिला पाणी घालतो, खत घालतो, गुलाब छाटतो. दुसरा येतो तेव्हा झाडाची जायची वेळ झालेली असते. या दोघांच्या मधे तिसरं कोणी असतं का, हा प्रश्न गेल्या वर्षी एप्रिलमध्ये आमच्या घरी उभा राहिला, आणि तो सुटेपर्यंत दोन म्हाताऱ्या माणसांची मैत्री टांगणीला लागली. मंडळाच्या अंकासाठी काहीतरी लिही म्हटल्यावर मला दुसरा विषय सुचलाच नाही.

मी मूळची नाशिकची, लग्नानंतर बारडोलीची. माझे सासरे, म्हणजे बाबा, अमळनेरचे. सुरत-भुसावळ लोहमार्गानं खानदेशातली किती घरं पोटापाण्यासाठी इकडे सरकली ते आपल्या मंडळाची सभासदांची यादी वाचली तरी कळतं. बाबा साखर कारखान्यात नोकरीला लागले, घर बांधलं आणि त्याच पावसाळ्यात गावाहून आणलेल्या आंब्याची एक कोय मागच्या अंगणात पुरली. साल १९८४. आज ते झाड गच्चीच्या वर गेलंय. कलमी नव्हे, रायवळ. फळ लहान, धागेदार, पण रस काढला की घरात वास भरतो. मी पुण्यातल्या एका कंपनीचं काम घरूनच करते आणि माझी खिडकी त्याच बाजूला आहे. मीटिंग चालू असताना कोकीळ ओरडायला लागला की पलीकडचे लोक विचारतात, तुम्ही रजेवर आहात का?

तर झालं असं. शेजारच्या काकांनी त्यांच्या मागच्या बाजूला पत्र्याची शेड टाकली. त्यांच्या आई, आम्ही सगळे त्यांना बा म्हणतो, नव्वदीच्या आहेत; दुपारी त्यांची खाट त्या शेडखाली असते, कारण तिथे वारा लागतो. आणि वारा लागतो कारण आमच्या आंब्याची एक जाड फांदी बरोबर त्या शेडवर गेलेली आहे. एप्रिलमध्ये एका रात्री वावटळ आली, त्या फांदीचा वाळका तुकडा पत्र्यावर पडला, पत्र्याला पोचा आला. सकाळी काका आले आणि म्हणाले, "झाड पडशे तो जवाबदारी कोनी?"

प्रश्न अगदी रास्त होता. पण बाबांना तो लागला. गेली वीस वर्षं दोघं रोज संध्याकाळी ओट्यावर रमी खेळतात. त्या दिवसापासून पत्ते बंद झाले. काका म्हणत होते झाड काढा, बाबा म्हणत होते शेड काढा, आणि मी व माझा नवरा दोन्ही घरांत चहा पीत फिरत होतो.

काकांनीच एक लाकूडवाला पाठवला. त्यानं बुंध्याकडे पाहिलं, दोन पुरुष उंचीवर एक ढोली होती तिकडे बोट दाखवलं आणि सांगितलं की झाड आतून पोकळ आहे, या पावसाळ्यात पडणार. तोडणावळ घेणार नाही, वर लाकडाचे चार हजार देईन. नसेल तोडायचं तर शेंडा मारून बोडकं करून देतो, परत फुटेल. मला त्याचा राग नाही आला, त्याचा तो धंदा आहे. पण झाड पडल्यावर ज्याला पैसे मिळणार, त्यानंच झाड पडणार की नाही हे सांगायचं, हे काही मला पटेना. आमच्या क्षेत्रात प्रत्येक टीममध्ये एक जण असतोच, जुना कोड न वाचता "हे सगळं काढून नव्यानं लिहू" म्हणणारा. त्याला आधी वाचायला बसवावं लागतं. मला झाड वाचता येणारा माणूस हवा होता.

असा माणूस जगात असतो आणि त्याला आर्बोरिस्ट म्हणतात. अमेरिकेत १९२४ साली सुरू झालेली इंटरनॅशनल सोसायटी ऑफ आर्बोरिकल्चर नावाची संस्था आहे. ती परीक्षा घेते, आणि परीक्षेला बसायलाच साधारण तीन वर्षांचा प्रत्यक्ष कामाचा अनुभव लागतो, किंवा शिक्षण आणि अनुभव मिळून तेवढी पात्रता. जपानमध्ये तर १९९१ पासून 'जुमोकुई' म्हणजे शब्दशः झाडांचा डॉक्टर अशी रीतसर पदवीच आहे. बाबांनी हे ऐकून मला बृहत्संहिता काढून दाखवली. वराहमिहिरानं वृक्षायुर्वेदावर एक अख्खा अध्याय लिहिलाय: आजारी झाडाचा बिघडलेला भाग आधी शस्त्रानं साफ करावा, मग वावडिंग, तूप आणि चिखल यांचा लेप लावावा, वर दूधपाणी शिंपावं. वावडिंग आणायला बाबा बाजारात निघालेच होते. मी म्हटलं, लेप नंतर, "आधी साफ करावा" हे तर कोणाला येतं ते बघू.

भारतात परीक्षा दिलेले आर्बोरिस्ट मोजके आणि बहुतेक मोठ्या शहरांत. पण बारडोलीपासून नवसारी कृषी विद्यापीठ लांब नाही. आंबा-चिकूच्या या पट्ट्यात फळझाडं शिकलेली माणसं भरपूर आहेत. फोनाफोनी करून सुरतेचे एक जण मिळाले. बागायतशास्त्रात एमएस्सी, नंतर मोठ्या झाडांच्या कामाचं वेगळं प्रशिक्षण, सोसायट्यांची झाडं तपासतात. फोनवर मी त्यांना बरंच छळलं. तपासणीची फी वेगळी घेता का, की तोडण्याच्या पैशांतच? लेखी अहवाल देता का? चढणाऱ्या माणसांचा विमा आहे का? आणि ती माणसं पायाला खिळे बांधून चढतात का? हा शेवटचा प्रश्न मी कुठेतरी वाचला होता. जे झाड ठेवायचंय त्यावर खिळ्यांनी चढत नाहीत, कारण प्रत्येक पावलागणिक सालीत एक जखम होते. ते हसले आणि म्हणाले, "बेन, एवढं विचारणारं गिऱ्हाईक आवडतं मला."

आले तेव्हा पहिला अर्धा तास त्यांनी झाडाला हात लावला नाही. बाबांच्या शेजारी बसून विचारत राहिले. कोय कधी लावली? मोहोर दोन्ही बाजूंना सारखा येतो का? अंगणात फरशी कधी घातली? ढोलीत सिमेंट कोणी भरलं? ते बाबांनीच भरून घेतलं होतं, फार वर्षांपूर्वी, तेव्हा सगळे तेच सांगायचे. मग ते बुंध्याभोवती फिरले, लाकडी हातोड्यानं ठोकत, कान लावून. पातळ सळी ढोलीत घालून खोली मोजली. दुर्बिणीनं वरचे बेचके पाहिले.

पोकळ झाडाबद्दल त्यांनी जे सांगितलं ते माझ्या डोक्यात घर करून राहिलंय. झाडाचा जिवंत भाग बाहेरच्या बाजूला असतो: साल, तिच्या खालचा पातळ थर आणि बाहेरचं कोवळं लाकूड. मधलं लाकूड मेलेलंच असतं, ते फक्त आधार देतं. ते थोडं गेलं तरी झाड नळीसारखं उभं राहतं. प्रश्न एवढाच की नळीची भिंत किती जाड उरली आहे. आमच्या आंब्याची पुरेशी होती. ॲलेक्स शिगो नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञानं हजारो झाडं उभी चिरून दाखवलं की झाड जखम आपल्यासारखी भरून काढत नाही. ते कुजलेल्या भागाभोवती भिंती घालतं आणि बाहेरून नवं लाकूड वाढवतं. सिमेंट वाऱ्यात झाडाबरोबर वाकत नाही आणि आत ओल धरून ठेवतं, म्हणून ते भरणं आता बंद झालंय. पण जे आहे ते उकरू नका, उकरताना त्या भिंती फुटतील.

खरी दुखणी वेगळीच निघाली. बुंध्याजवळ बारीक भुसा पडलेला होता: भिरूड. ही खोडकिडीची अळी आत बोगदे करते. तारेच्या आकड्यानं दोन अळ्या त्यांनी तिथल्या तिथे ओढून काढल्या, करंगळीपेक्षा जाड, आणि भोकांत औषधाचा बोळा घालून वर चिखल लिंपला. दोन फांद्यांवर बांडगूळ होतं, जे आम्ही इतकी वर्षं आंब्याचीच वेगळी पालवी समजत होतो. आणि पेव्हर ब्लॉक! अंगणात काम करणाऱ्या कंत्राटदारानं ते थेट बुंध्याला भिडवून बसवले होते. मुळांना हवा नाही, पाणी नाही. दिल्लीत राष्ट्रीय हरित लवादानं २०१३ साली झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला लावलं होतं ते याच कारणानं. आमचे ब्लॉक त्याच संध्याकाळी नवऱ्यानं उचकटले, आता तिथे आळं आहे.

मग ते शेडवरच्या फांदीकडे वळले. ती मुख्य खोडाला जिथे जुळते तिथला बेचका अगदी अरुंद होता आणि मधे साल आत दाबली गेली होती. अशा जोडात लाकूड लाकडाला धरत नाही, सालीला साल टेकलेली असते. बाकी झाड ठीक, ही फांदी मात्र काढावी लागेल.

बाबांचा चेहरा उतरला. सगळ्यात आधी पिकणारे आंबे त्याच फांदीचे. "मग त्या लाकूडवाल्यात आणि तुमच्यात फरक काय?" त्यांनी सरळ विचारलं. साहेबांनी कोलकात्याच्या बोटॅनिकल गार्डनमधल्या मोठ्या वडाची गोष्ट सांगितली: बुरशी लागलेलं त्याचं मूळ खोडच १९२५ मध्ये काढून टाकलं आणि वड आजही पारंब्यांवर उभा आहे. बाबा म्हणाले, "तो वड. हा आंबा." यावर साहेबांकडे उत्तर नव्हतं, आणि ते गप्प राहिले याबद्दल मला त्यांचा आदर वाटला. नंतर म्हणाले, फांदी आखूड करून वजन कमी करता येईल, पण तो जोड सुधारणार नाही. खाली म्हातारी बाई झोपते. तुमचं झाड आहे, तुम्ही ठरवा. पण आज पहिलं काम करा, खाट हलवा. त्याला पैसे लागत नाहीत.

बाबांनी रात्रभर विचार केला. सकाळी मला म्हणाले, "करा."

अहवाल दोन पानांचा होता, गुजरातीत. काकांनी तो चष्मा लावून दोनदा वाचला. त्यात एक वाक्य होतं की कुठल्याही झाडाचा धोका शून्यावर येत नाही, दर वर्षी पावसाळ्याआधी तपासावं. मला वाटलं होतं याच वाक्यावर काका अडणार. उलट झालं. लाकूडवाला छातीठोक बोलला होता, हा माणूस हातचं राखून लिहितो, म्हणजे खरं लिहीत असणार, असं त्यांचं म्हणणं.

काम मेच्या पहिल्या आठवड्यात झालं. व्याऱ्याकडचे दोघं आले होते. पूर्वी ते नीऱ्यासाठी ताडावर चढायचे, आता दोर, पट्टा आणि हेल्मेट लावून झाडांची कामं करतात. बा दारात खुर्ची टाकून बसल्या. आधी फांद्यांवर घरटी आहेत का ते पाहिलं. मग शेंड्याकडून एकेक तुकडा दोराला बांधून हळूहळू खाली. शेवटचा जाड भाग तीन कापांत काढला: बुडापासून हातभर अंतरावर आधी खालून अर्धवट काप, मग त्याच्या थोडं पुढे वरून, म्हणजे फांदी मोडताना खोडाची साल सोलत खाली येत नाही. उरलेला खुंट तिसऱ्या कापात. तोही खोडाला घासून नाही. फांदीच्या बुडाशी जो फुगीर वळ असतो तो राखून, कारण जखम तिथूनच मिटते. डांबर, रंग काही नाही. आंब्याला बुरशी लागते म्हणून बोर्डो पेस्ट लावली. परदेशातले तज्ज्ञ तीही नको म्हणतात, आपल्याकडची कृषी विद्यापीठं लावायला सांगतात. साहेबांचं मत होतं, इथल्या पावसात लावलेली बरी. झाडाचा पाव भागाहून जास्त हिरवा पसारा एका वेळी काढायचा नाही असा दंडक असल्यामुळे बाकीची छाटणी आंबे उतरल्यावर केली. आणि शेंडा मारायचा तर प्रश्नच नव्हता. बोडक्या केलेल्या झाडाला भराभर धुमारे फुटतात, ते वरवर चिकटलेले असतात, आणि चार वर्षांनी तेच वाऱ्यात मोडतात.

खर्च? तपासणीचे अडीच हजार, कामाचे अकरा. लाकूडवाला चार हजार देत होता, म्हणजे हिशेब साडेसतरा हजारांचा. नवऱ्यानं तो मला दोनदा ऐकवला. काकांनी अर्धे पैसे पुढे केले, बाबांनी ते घेतले नाहीत, त्यावरून पुन्हा आवाज चढले. पण हे भांडण ओट्यावर झालं आणि संपल्यावर पत्ते निघाले. फांदीवरच्या कैऱ्या दोन्ही घरांत वाटल्या. त्यांच्याकडे छुंदो, आमच्याकडे लोणचं.

ज्यांची घरं महाराष्ट्रात आहेत त्यांच्यासाठी एवढंच: तिथे शहरी भागात १९७५ चा झाडांच्या जतनाचा कायदा आहे, स्वतःच्या अंगणातलं झाड तोडायलाही परवानगी लागते. २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांवरच्या झाडांना वारसा वृक्ष म्हणून वेगळं संरक्षण मिळालंय. आपण इथले लोकही कुऱ्हाड लावण्याआधी पालिकेत विचारलेलं बरं. आणि विजेची तार जवळून जात असेल तर वीज बंद करून घेतल्याशिवाय कोणालाही वर चढवू नका, माणूस कितीही शिकलेला असो.

यंदा साहेब पुन्हा येऊन गेले. कापाच्या कडेनं ओठासारखी नवी साल आत वळायला लागलीय. काकांनी त्यांचा नंबर घेतलाय, मुलीच्या सासरी नवसारीला एक जुना कडुनिंब आहे म्हणे. भिरुडीच्या एका भोकाशी मात्र अजून भुसा दिसतो. बाबा रोज सकाळी तो झाडून काढतात आणि दुसऱ्या दिवशी चहाआधी जाऊन बघतात, नवा पडलाय का.