तळहाताचा फोड

जिवलगाला आपण तळहाताच्या फोडाप्रमाणे जपतो, आणि रणात उतरणारा वीर तळहातावर शिर घेऊन लढतो. मराठी भाषेने तळहाताला असा दुहेरी मान दिला आहे. सकाळी डोळे उघडताच करदर्शन घेण्याची रीतही आपल्या पुष्कळ घरांतून अजून टिकून आहे. परंतु तोच मराठी गृहस्थ दोन तासांनी कचेरीला जाण्यासाठी मोटारसायकलवर मांड टाकतो, तेव्हा त्याचे तळहात उघडेच असतात, याचे आम्हांस नेहमी नवल वाटते.

डोक्याची गोष्ट निराळी. डोक्याचा विचार होण्यास एका नामांकित पुरुषाचा मृत्यू कारणीभूत झाला. 'अरबस्तानचा लॉरेन्स' म्हणून गाजलेला टी. ई. लॉरेन्स १९३५ च्या मे महिन्यात सायकलवरील दोन मुलांना चुकविताना मोटारसायकलवरून फेकला गेला आणि सहा दिवसांनी वारला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे शल्यविशारद होते. मोटारसायकलस्वारांच्या मस्तकाघातांवरील त्यांचा अभ्यास १९४१ साली प्रसिद्ध झाला. ब्रिटनमध्ये हेल्मेटची सक्ती १९७३ साली झाली. आपल्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे १२९ वे कलम पगडीधारी शीख बांधवांना वगळून इतरांना शिरस्त्राण घालावयास सांगते. या सक्तीशी पुणेकरांनी मांडलेला वाद तर सर्वश्रुतच आहे. त्या कलमात हातांविषयी मात्र एक अक्षरही नाही. आणि आम्ही पडलो सरकारी माणसे! जे कलमात नाही ते आपण होऊन करण्याची सवय आमच्या जातीला कमीच.

हातमोजा आपल्याला अपरिचित आहे असेही नाही. दिल्लीत पौष-माघात दुचाकीवरचा बहुतेक प्रत्येक हात लोकरीत गुंडाळलेला दिसतो, आणि होळी जवळ आली की ते मोजे ट्रंकेत जातात. पुण्यातील मुली उन्हाने हात काळवंडू नयेत म्हणून कोपरापर्यंतचे सुती मोजे घालतात. म्हणजे थंडीचे भय आहे, उन्हाचे आहे. भय नाही ते फक्त रस्त्याचे.

वस्तुतः माणूस पडतो तेव्हा तो प्रथम हात पुढे करतो. हे त्याला कोणी शिकवीत नाही, आणि हात आवरून धरण्याचा निश्चय त्या क्षणी कामास येत नाही. सारा भार तळव्यावर येतो. मनगटात अंगठ्याच्या बाजूला होडीच्या आकाराचे एक चिमुकले हाड आहे. त्याला रक्त मुख्यत्वे एकाच टोकाकडून मिळते. म्हणून ते मोडले तर जुळण्यास महिनोन्‌महिने लागतात.

आमचे एक स्नेही वळणावरच्या वाळूत घसरले. वेग बेताचा होता, हेल्मेट होते, मस्तकाला ओरखडाही नव्हता; पण दोन्ही तळव्यांची व बोटांची साले निघाली. पुढचे तीन आठवडे त्यांच्या पत्नीने त्यांना घास भरविले, सदऱ्याची बटणे लावली. आणखी जे करावे लागले ते त्यांनी आम्हांला सांगितले नाही, आम्हीही विचारले नाही. कचेरीत परतल्यावर हजेरीच्या यंत्राने त्यांची बोटे ओळखण्याचे नाकारले. चोवीस वर्षांच्या नोकरीनंतर आपण हजर आहोत हे त्यांना अर्ज करून सिद्ध करावे लागले. ते हे हसत सांगत. त्यांच्या पत्नी मात्र हसत नसत.

लोकरीचा मोजा येथे कामाचा नाही. तो रस्त्यावर पहिल्याच घासटीला फाटतो. मोजा चामड्याचा हवा. तळव्याच्या बुडाशी कठीण, गुळगुळीत चकती असेल तर हात रस्त्याला अडकत नाही, घसरत जातो, आणि मनगटावरचा मार हलका होतो. मनगटाचा पट्टा आवळून मग बोटांची टोके ओढून पाहावीत. मोजा निघून आला तर तो दुकानदाराला परत करावा, कारण पडतानाही तो असाच निघणार. ज्येष्ठाच्या उन्हासाठी वरून जाळीचे मोजे मिळतात. घोटा झाकणारे बूट आणि कोपर-खांद्यांना गादी असलेले जाकीट यांचाही न्याय हाच.

हे सारे बाजीराव होऊन मिरविण्यासारखे दिसते, असा आक्षेप आम्ही ऐकला आहे. त्याला आमचे उत्तर आमच्या बदल्यांच्या यादीत आहे. गावी माणूस जायबंदी झाला तर चुलते धावतात, मावशी डबा आणते, शेजारी मुलांना शाळेत पोचवितो. परमुलखातल्या सरकारी क्वार्टरात यांपैकी कोणी नसते. तीन आठवड्यांचा सारा भार एकट्या गृहिणीवर पडतो, आणि तिचे स्वतःचे माहेरही दीड दिवसाच्या आगगाडीच्या अंतरावर असते. हात देणारे जेथे इतके थोडे, तेथे आपला हात जगन्नाथ म्हणावा, आणि निघण्यापूर्वी त्या जगन्नाथाला चामड्याचे वस्त्र चढवावे.