हाडांची साक्ष

वकिलाच्या धंद्यात माणसाचे वय हा पुराव्याचा विषय असतो. एरवी आपण ते पत्रिकेवरून किंवा आजीच्या आठवणीवरून ठरवून मोकळे होतो. न्यायासनापुढे मात्र कागद लागतो. बालन्यायाच्या २०१५ च्या कायद्यात, कलम ९४ मध्ये, या कागदांचा मानपान ठरलेला आहे. शाळेचा जन्मतारखेचा दाखला अथवा शालान्त परीक्षेचे प्रमाणपत्र यांना पहिला पाट; ते नसेल तर नगरपालिकेचा वा पंचायतीचा जन्मदाखला; आणि यांपैकी काहीच नसेल तर शेवटी हाडांना वय विचारावयाचे. आम्हा गोवेकरांवर ती पाळी सहसा येत नाही. पोर्तुगीज अमदानीपासून जन्मनोंदीची शिस्त आमच्या अंगवळणी पडलेली आहे. पण पोटासाठी परमुलखातून इथे आलेल्या कुटुंबांतील मुलांचे तसे नसते.

अशाच एका मुलाचे वकीलपत्र तीन वर्षांपूर्वी माझ्याकडे होते. त्याची ओळख सांगण्यास कायद्याची मनाई आहे आणि सांगण्याची गरजही नाही. गावच्या मोठ्या जत्रेनंतर दोन पावसाळ्यांनी तो जन्मला, असे त्याची आई सांगे. ती जत्रा कोणत्या सालची, हे तिला सांगता येईना. मुलगा अठरा वर्षांच्या अलीकडचा की पलीकडचा, यावर त्याने बाल न्याय मंडळापुढे उभे राहावयाचे की मोठ्या माणसांच्या तुरुंगात जावयाचे, हे ठरणार होते. क्ष-किरणांची चित्रे निघाली. वय सतरा ते एकोणीस, असा अभिप्राय आला. मी सर्वोच्च न्यायालयाचा १९८२ सालचा जयमाला खटल्यातील निर्णय पुढे केला. अशा चाचणीत दोन्ही बाजूंना दोन वर्षांची चूक संभवते, असे त्यात म्हटले आहे. दोन मते संभवत असतील तर न्यायाचा कल मुलाकडे असावा, हेही मी विनयपूर्वक निदर्शनास आणले. ते मान्य झाले. हाडांच्या साक्षीचा उलटतपास कसा घ्यावा हे आपणांस उत्तम कळते, अशा मिजाशीत मी त्या दिवशी घरी आलो.

घरी माझा स्वतःचा तेरा वर्षांचा मुलगा होता, आणि त्याच्याविषयी मला काहीच कळलेले नव्हते.

पालखीला खांदा देणारांच्या जोड्या उंची पाहून लावतात, हे या मासिकाच्या वाचकांस सांगावयास नको. दांडी एका अंगास कलली की देवाचे आसन कलते. आमच्या देवळात त्या कार्तिकात, माझ्या मुलाच्या बरोबरीच्या दोघा चुलतभावांना प्रथमच खांद्यास घेतले. तोवर ही सारी मुले दिवट्या धरीत. माझा मुलगाही सोवळे नेसून, छाती काढून पुढे झाला. एका वृद्ध महाजनांनी, मनात काहीही वाईट नसता, त्याला हाताने बाजूस केले आणि म्हटले, "तूं फुडल्या वर्सा, पुता." आसपासची मंडळी हसली. मीही हसलो.

त्यानंतर पालखीच्या दिवशी त्याच्या पोटात दुखू लागले. पुढे पुढे तो देवळात यावयाचाच राहिला. पानावरून अर्धवट उठू लागला. गणितात मागे पडला. शाळेतून आला की दार लावून बसू लागला. मी याला प्रथम आळस म्हटले, मग अश्रद्धा म्हटले. एकदा तर चिडून म्हणालो, "बुटका राहिला म्हणून कोणी मरत नाही!" वाक्य आवेशात टाकले आणि मी विसरून गेलो.

अखेर माझ्या पत्नीने हट्टाने त्याला पणजीस एका बालरोगतज्ज्ञ डॉक्टरीणबाईंकडे नेण्याचे ठरविले. त्यांनी निरोप धाडला की शाळेत झालेल्या तपासण्यांच्या पत्रिका असतील तेवढ्या घेऊन या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला, तेव्हापासून सरकारी व अनुदानित शाळांतील मुलांची तपासणी होत असते. जन्मजात व्यंग, पोषणातील उणीव, बालपणीचे आजार आणि विकासातील विलंब, अशी तिची चार खाती आहेत. माझ्या टेबलाच्या खणात लागोपाठ तीन वर्षांच्या तीन पत्रिका निघाल्या. उंची १३३, मग १३८, मग १४२ सेंटिमीटर. मनःस्थितीच्या रकान्यात तिन्ही वर्षी एकच शब्द होता, "ठीक". आणि खाली, पालकाची म्हणून, तिन्हींवर माझी सही. एकही मी वाचलेली नव्हती. न वाचता सही केली असे एखाद्या साक्षीदाराने पिंजऱ्यात सांगितले असते, तर मी त्याची काय गत केली असती, ते माझे सहव्यवसायी जाणतात.

डॉक्टरीणबाईंनी ते आकडे भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या तक्त्यावर टिंबांनी मांडले. सगळी टिंबे सर्वांत खालच्या रेषेच्या आसपास पडली. माझा चेहरा उतरलेला पाहून त्या म्हणाल्या, "वकीलसाहेब, एका टिंबाला अर्थ नसतो. टिंबे जोडली की रेषा होते. ती कुठे चालली आहे ते पाहावयाचे." लहानपणी मूल वर्षाला साधारण पाच-सहा सेंटिमीटर वाढते, वयात येण्यापूर्वी हा वेग थोडा मंदावतो, आणि मग एकदम उसळतो. मुलींत ही उसळी बाराव्या वर्षाच्या सुमारास, मुलांत त्यानंतर सुमारे दोन वर्षांनी, आणि तिच्या भरात मुलगा वर्षाला नऊ-दहा सेंटिमीटरही वाढतो. कोणाची उसळी लवकर येते, कोणाची उशिरा. माझ्या मुलाची अद्याप आलीच नव्हती. चुलतभावांची येऊन गेली होती.

मग त्यांनी मला अनपेक्षित प्रश्न केला. "तुम्ही स्वतः केव्हा वाढलात?"

मला सांगता येईना. घरी येऊन आईस विचारले तेव्हा ती हसत सुटली. शाळेत तू पहिल्या रांगेतला, ती म्हणाली. कॉलेजाच्या पहिल्या वर्षी मात्र दोनदा तुझ्या पाटलोणीची शिवण उसवून लांबी सोडावी लागली. मग नातवाच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाली, "वाडटलो रे, इतली घाय कित्याक?" असे उशिरा वाढणे बहुधा घराण्यातून येते, असे डॉक्टरीणबाईंनी मागाहून सांगितले. म्हणजे ज्या गोष्टीचा मीच जिवंत पुरावा होतो, तीच मी साफ विसरलो होतो.

रक्ताच्या चाचण्या निर्दोष आल्या. डाव्या मनगटाचे क्ष-किरण चित्र काढले. त्या चित्राशी ताडून पाहण्याचा एक प्रसिद्ध चित्रसंग्रह आहे, ग्रुलिक व पाइल या दोघांनी १९५० साली प्रसिद्ध केलेला. तो अमेरिकेतील क्लीव्हलंड शहराच्या सुस्थितीतील मुलांवरून तयार झाला. आमच्या मुलांना तो लावताना तारतम्य लागते, हे त्यांनी मी न विचारता सांगितले. अशी साक्ष देणारा तज्ज्ञ न्यायालयात विरळा. मनगटात आठ लहान हाडे असतात. जन्मतः ती बहुधा नुसत्या कूर्चेची असतात आणि वर्षांमागून वर्षे एकेक करून घट्ट होत चित्रात उमटू लागतात. माझा मुलगा पत्रिकेने पावणेचौदा वर्षांचा, हाडांनी साडेअकरा ते बारा. मुंजीच्या वेळी आम्ही त्याची वर्षे गर्भापासून धरून आठ केली होती. शाळेने ती जन्मापासून मोजली. हाडे तिसऱ्याच पंचांगावर चालत होती.

न्यायालयात मी पाहिली होती तशीच ही चित्रे. प्रश्न मात्र निराळा होता. आम्ही हाडांना विचारतो की किती वर्षे लोटली. त्या विचारीत होत्या की वाढावयाचे किती उरले आहे. आईबापांच्या उंचीवरून त्यांनी एक अंदाजही काढून दाखविला. माझे १६८ व पत्नीचे १५४ यांच्या बेरजेत मुलगा म्हणून १३ मिळवून निम्मे करावयाचे; १६७.५ येतात. हाही अदमासच, थोडा इकडे, थोडा तिकडे. पण माझ्या मुलाने तो आकडा आपल्या वहीत लिहून घेतला.

इथवर सारे मला मानवणारे होते. आकडे होते, चित्र होते, तर्क होता. मग त्यांनी पेन खाली ठेवले आणि म्हणाल्या, "आता तुम्ही दोघे पंधरा मिनिटे बाहेर बसा. मला याच्याशी बोलावयाचे आहे."

पक्षकाराच्या जबानीच्या वेळी वकिलाने उठून जावे, ही कल्पना मला रुचली नाही आणि मी तसे बोलूनही दाखविले. त्यांनी शांतपणे समजाविले. या वयाच्या मुलाची तपासणी म्हणजे केवळ वजनकाटा व मोजपट्टी नव्हे. घर, शाळा, खाणे, सोबती अशा सोप्या प्रश्नांपासून निघून शेवटी, जगणे नकोसे वाटते का, इथपर्यंत हळूहळू जावे लागते. आणि आईबाप समोर असता मूल त्यांतले निम्मेही सांगत नाही. तो जे सांगेल ते माझ्यापाशी राहील. मात्र त्याच्या जिवास धोका आहे असे वाटले तर ते मी तुम्हांस सांगेन, आणि हे त्यालाही आधीच सांगून ठेवीन.

बाहेरच्या बाकावर बसलो तेव्हा ते माझे वाक्य मला आठवले. कोणी मरत नाही. दार बंद होते. पंखा कुरकुरत होता. पत्नी काही बोलली नाही, आणि तिच्या न बोलण्यात वर्षभराचे सगळे होते.

पुढे या विषयावरचे काही वाचताना मला माँतबेयार नावाचा एक फ्रेंच सरदार भेटला. त्याने १७५९ पासून १७७७ पर्यंत, जन्मापासून अठरा वर्षे, आपल्या मुलाची उंची ठराविक काळाने मोजून लिहून ठेवली. शास्त्रज्ञ ब्युफॉनने ती प्रसिद्ध केली. एकाच मुलाच्या वाढीची ती जगातली सर्वांत जुनी सलग नोंद समजतात. तो गृहस्थ माझ्याहून शतपट दक्ष बाप होता, यात शंका नाही. तरी त्या आकड्यांत, भिंतीला पाठ लावून उभ्या राहिलेल्या त्या पोराच्या मनात काय चालले होते, ते कोठे नाही.

पंधरा मिनिटांची चाळीस झाली. आम्हांला आत बोलावले तेव्हा मुलाचे डोळे लाल होते, पण खांदे सैल पडले होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "त्याच्या संमतीने एवढेच सांगते. घरात व आप्तांत त्याच्या उंचीवरून थट्टा होते, ती आजपासून बंद. पालखीला यावे की न यावे, हे काही दिवस त्याच्यावर सोपवा. आणि महिन्यातून एकदा तो माझ्याकडे येईल, एकटा." बाकीचे काय होते ते मी विचारले नाही. विचारावेसे वाटले नाही, असे मात्र म्हणता येणार नाही.

परतताना मांडवीचा पूल ओलांडेपर्यंत गाडीत कोणी बोलले नाही. मग मीच म्हटले, "त्या दिवशी देवळात मी हसलो. हसावयास नको होते." तो खिडकीबाहेर पाहत राहिला. बऱ्याच वेळाने म्हणाला, "बाबा, तुम्ही सगळ्यांत शेवटी हसलात. मी पाहत होतो, तुम्ही हसता की नाही ते."

सहा महिन्यांनी पुन्हा मोजमाप झाले. तीन सेंटिमीटर. वेग किंचित वाढलेला. उसळी अजून दूरच. डॉक्टरीणबाईंनी तक्त्यावर नवे टिंब दिले, त्याला दाखविले, आणि पेन खाली ठेवले. मी खुर्ची मागे सारून उठलो. पत्नी आधीच दाराशी पोचली होती.