खिडकीवर चढू नकोस

इंग्रजीत चढण्याला ‘क्लाइंब’ आहेच, तरी ‘क्लॅम्बर’ वेगळं लागतं. हातापायांचा आधार घेत, धडपडत, कसंबसं चढणं म्हणजे क्लॅम्बर. धडधाकट माणूस जिना चढतो तेव्हा हा शब्द येत नाही. खडकावर, कुंपणावर, उंच ट्रकमध्ये चढताना येतो. गंमत म्हणजे तसंच धडपडत उतरण्यालाही तो चालतो, आणि आधार धरत पसरणाऱ्या वेलीलाही.

शेक्सपिअरच्या ‘द मर्चंट ऑफ व्हेनिस’मध्ये ज्यू सावकार शायलॉक जेवणाला बाहेर निघताना मुलीला, जेसिकाला, बजावतो: दारं लावून घे, ढोल-बासरी ऐकू आली तरी खिडकीवर चढून त्या मुखवटेवाल्या ख्रिश्चनांना बघू नकोस. तिथं त्याच्या तोंडी हाच शब्द आहे. नुसतं ‘बघू नकोस’ त्याला पुरत नाही. चौकट धरून, टाचा उंचावून पोरगी कशी वर चढेल, हे बापाला आधीच दिसतंय.

मिरवणूक गल्लीतून जाताना ‘खिडकी लाव’ म्हणणारे अब्बा आमच्या मोहल्ल्यातही आहेत. त्यांची भीती मला कळते, ती उगाच नाही. पण जेसिका त्याच रात्री घर सोडून गेली. तुला रस्त्यावर काय बघायचंय, हे शायलॉकनं तिला विचारलंच नव्हतं. आपण तरी विचारतो का?