कोजागिरीची बैठक

गाण्याच्या बैठकींत पैशाची गोष्ट काढूं नये, असा आम्हां पांढरपेशांच्या घरांतला एक जुना दंडक आहे. जमाखर्च, व्याज, गहाणखत हे विषय ओसरीवरचे. तंबोरा, पेटी आणि कविता यांचें स्थान दिवाणखान्यांत किंवा गच्चीवर. या दोहोंमध्यें एक न दिसणारा उंबरठा असे, आणि तो ओलांडणारा गृहस्थ कितीहि श्रीमंत असला तरी अरसिकांत जमा होई. अलीकडे हा उंबरठा बराच झिजला आहे. लहान गांवांतूनहि आतां अशा बैठका भरतात, कीं जेथें अर्धा वेळ राग व गझल यांना मिळतो आणि उरलेला अर्धा म्युच्युअल फंड व शेअर यांना. या मिश्रणाला नाकें मुरडणाऱ्यांपैकीं आम्ही नव्हें. मात्र तें कसें करावें, याविषयीं वाचकांशीं दोन शब्द बोलावे असें आम्हांस वाटतें.

वास्तविक आमच्या परंपरेला हें मिश्रण अपरिचित नाहीं. कोजागिरीचीच रात्र घ्या ना. चांदण्यांत आटीव दूध, गाणीं, गप्पा हा झाला तिचा एक भाग. पण त्या रात्रीं फिरावयास निघते ती लक्ष्मी, सरस्वती नव्हें! कोण जागें आहे, असें ती दारोदार विचारते आणि जागणाऱ्यालाच धन देते, अशी समजूत आहे. जागरणासाठीं सोंगट्यांचा व फांशांचा खेळहि जुन्या व्रतांत सांगितलेला आहे. म्हणजे कला, करमणूक, द्रव्य आणि जोखीम यांची सांगड आमच्या पूर्वजांनीं एकाच पौर्णिमेला घालून ठेवली होती. अट इतकीच, कीं डोळा लागतां कामा नये.

अशाच एका कोजागिरीला आम्ही कंधारास होतों. मन्याड नदीच्या खोऱ्यांतलें हें गांव नांदेड जिल्ह्यांत आहे. खंदकानें वेढलेला त्याचा भुईकोट किल्ला पुष्कळांनीं पाहिलेला असेल. राष्ट्रकूटांच्या काळीं कंधारपुर म्हणून गाजलेल्या या नगरांत त्या वेळचा जगत्तुंगसागर तलाव अद्यापि आहे. आज खर्च करावा आणि त्याचें पाणी नातवंडांच्या नातवंडांनीं प्यावें, याहून मोठी गुंतवणूक ती कोणती? असा विचार करीत आम्ही त्या सायंकाळीं एका डॉक्टरांच्या गच्चीवर गेलों. वीस-पंचवीस मंडळी जमली होती. एका तरुण मुलीनें बागेश्री गायिला; एका निवृत्त मास्तरांनीं आपल्या कविता वाचल्या. मग पुण्याहून आलेल्या डॉक्टरांच्या पुतण्यानें गुंतवणुकीचा विषय काढला.

मुलगा नम्र होता आणि बोलला तेंहि नेटकें. दरमहा ठराविक रक्कम बाजूस टाकावी, घाईनें काढूं नये, व्याजावर व्याज चढण्यास वर्षें द्यावीं लागतात. शेअरबाजार वर जातो तसा खालींहि येतो, तेव्हां निश्चित लाभाची हमी कोणीहि देऊं शकत नाहीं, इतकें त्यानें सांगितलें. ऐकून जुन्या मंडळींना आपले दिवस आठवले. एक आजोबा म्हणाले, “आमच्या लहानपणीं येथें निजामाचा हाली रुपया आणि इंग्रजांचा कलदार असे दोन्ही चालत. सात हाली म्हणजे सहा कलदार. आई दोन पिशव्या ठेवी, आणि एका पिशवीतलें नाणें चुकूनहि दुसरींत पडूं देत नसे.” १९४८ च्या सप्टेंबरांत हैदराबाद संस्थान भारतांत आलें, त्यानंतरहि कांहीं वर्षें हें दुहेरी नाणें चालूच होतें. आजोबांच्या त्या दोन पिशव्या आमच्या मनांत राहिल्या.

पुतण्याचें बोलणें संपलें तसा एका पाहुण्या गृहस्थांना गाण्याचा आग्रह झाला. त्यांनीं एक नाट्यपद म्हटलें, आणि काय सांगावें! स्वर सच्चा, शब्द स्वच्छ, तानेला कोठेंहि ओढाताण नाहीं. सारी गच्ची डोलूं लागली. टाळ्या ओसरतात न ओसरतात तोंच त्यांनीं तितक्याच गोड आवाजांत आपल्या ओळखीच्या एका संस्थेची माहिती द्यावयास आरंभ केला. ठेवीवर दरमहा दोन टक्के. मुद्दल मागाल तेव्हां परत. आणि हें सर्व केवळ आपल्या माणसांसाठीं. घटकेपूर्वीं पुतण्याच्या सावध बोलण्यावर जांभया देणारे आतां पुढें सरकून बसले. ज्याचा पंचम इतका खरा, त्याचा शब्द खोटा कसा असेल, असाच भाव प्रत्येकाच्या मुद्रेवर उमटला होता.

मंडळींत एक काकू होत्या. शाळेंत उभा जन्म शिकवून त्या नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या आणि त्यांची सारी पुंजी हातीं येऊन पडली होती. त्या शांतपणें म्हणाल्या, “गाणें फार सुरेख झालें हो. आतां एवढें लिहून द्याल का, कीं पैसे कोणाकडे राहणार, ते कोठें लावणार, आणि बुडाले तर कोणीं भरावयाचे?”

गृहस्थ हंसले. “काकू, आपल्या माणसांत कागद कशाला?”

“आपल्याच माणसांत कागद लागतो, भाऊ,” काकू म्हणाल्या, “परक्याला आम्ही पैसे देतच नाहीं.”

त्या रात्रीं कोणीहि पैसे काढले नाहींत. काकूंचा प्रश्न उद्धट होता असें पुटपुटणारे दोघेतिघे निघालेच. पण आमच्या मतें त्या बैठकींत खऱ्या अर्थानें जागें राहिलेलें माणूस तें एकच होतें. २०२३ सालीं छत्रपती संभाजीनगर येथील एका पतसंस्थेंत व बीड येथील एका मल्टिस्टेट सोसायटींत सामान्य ठेवीदारांचे पैसे अडकले. लेकींच्या लग्नांचे, म्हातारपणाच्या औषधांचे ते पैसे होते, आणि पुष्कळांनीं ते अशाच ओळखीच्या भरंवशावर ठेवले होते. बँकेंतील ठेवीला, मग ती बँक सहकारी असली तरी, २०२० पासून व्याजासह पांच लाख रुपयांपर्यंत विम्याचें संरक्षण आहे. पतसंस्थेंतील ठेवीला तें नाहीं. मोबदला घेऊन गुंतवणुकीचा सल्ला देणाऱ्यानें सेबीकडे नोंदणी केलेली असावी लागते. गवयाला गुरु कोण म्हणून विचारण्यांत आपणांस संकोच वाटत नाहीं, उलट त्यांत त्याचा मानच होतो. मग सल्लागाराला नोंदणीक्रमांक विचारतांना जीभ कां अडखळावी?

यावर कोणी म्हणेल, कीं कागदपत्रांचा हा सोस आधुनिक आहे, पूर्वीं सारा व्यवहार शब्दावर चाले. अशांनीं नाशिकची पांडवलेणीं एकदां नीट पाहावीं. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या आरंभीं नहपान क्षत्रपाचा जांवई उषवदात यानें तेथें भिक्षूंसाठीं लेणें कोरविलें आणि त्यांच्या निर्वाहासाठीं ३००० कार्षापण गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे कायमचे ठेवले. २००० एका श्रेणीकडे दरमहा शेंकडा एक दरानें, १००० दुसरीकडे शेंकडा पाऊण दरानें. मुद्दलाला हात लावावयाचा नाहीं. व्याजांतून वीस भिक्षूंपैकीं प्रत्येकाला वस्त्रासाठीं वर्षाला बारा कार्षापण मिळावे. हिशेब करून पाहा: दोन हजारांचें वर्षाचें व्याज २४० आणि वीस भिक्षूंचे बारा-बाराहि २४० च. हा ठराव नगराच्या सभेंत वाचून दाखविला, फलकावर नोंदविला आणि शेवटीं दगडांत कोरला. कोरीव स्तंभांची शोभा आणि ठेवीचा करार, दोन्ही त्या एकाच लेण्यांत आहेत. पण शोभेच्या मोहानें कराराची एक ओळहि गाळलेली नाहीं. त्या राजजांवयालाहि शेंकडा एकावर व्याज मिळालें नाहीं, हें दोन टक्केवाल्यांनीं ध्यानांत ठेवावें!

उलट बाजूनें बालगंधर्वांचें उदाहरण डोळ्यांसमोर येतें. साऱ्या महाराष्ट्रानें ज्यांच्यावर जीव ओवाळून टाकला, त्यांची नाटकमंडळी भरल्या नाट्यगृहांतहि कर्जांत बुडत राहिली. उंची वस्त्रें, भारी अत्तरें, साथीला उत्तमांतले उत्तम वादक. रसिकांना कांहींहि कमी पडूं द्यावयाचें नाहीं ही त्यांची तळमळ, आणि हिशेबाकडे मात्र पाठ. १९६४ त पद्मभूषण मिळालेल्या या थोर नटाचे अखेरचे दिवस विपन्नावस्थेंतच गेले. म्हणून कलावंतांच्या बैठकींत पैशाचें बोलणें निघतें तें आम्ही स्वागतार्हच मानतों. कंधारच्या गच्चीवर तबल्याला साथ करणाऱ्या तरुणाला नारळ व शाल मिळाली. दरमहा पांचशें रुपये कोठें टाकावे, हें त्यानें जातां जातां पुतण्याला हळूच विचारलें, तेंच आम्हांस त्या रात्रींचें फलित वाटलें.

तेव्हां बैठकी अवश्य भराव्या आणि दोन्ही विषय त्यांत असावे. मात्र आजोबांच्या आईप्रमाणें पिशव्या निराळ्या ठेवाव्या. गाण्यांत आपण स्वतःला गवयाच्या स्वाधीन करतों, तेंच तेथलें सुख आहे. व्यवहारांत तेंच सुख घातक ठरतें. म्हणून पैशाचें बोलणें आधीं, सर्व दिवे लावून, दूध चुलीवर असतांनाच उरकावें. ज्याला जें विचारावयाचें तें त्यानें सर्वांदेखत विचारावें, कागद घरीं न्यावा, घरांतल्या बायकामुलींना वाचून दाखवावा. साथीदाराच्या हातीं नारळाबरोबर पाकीट द्यावें. मग दिवे मालवून गाणें खुशाल पहांटेपर्यंत चालूं द्यावें. सही मात्र त्या रात्रीं करूं नये. चांदण्यांत गाणें उत्तम ऐकूं येतें. बारीक अक्षरें दिसत नाहींत.