म्युच्युअलवरच्या दोन सह्या

ड्युटी लिस्ट लागली की सिस्टरांनी आपसात काय ते बदलून घ्यावं, इनचार्जनं मध्ये पडू नये, असं माझं कित्येक वर्षं ठाम मत होतं. कुणाच्या मुलाची परीक्षा, कुणाच्या सासूबाईंचं ऑपरेशन, कुणाकडे गौरी. लिस्टला हे कळत नाही, माणसांना कळतं. अर्जावर दोघींच्या सह्या असल्या की म्युच्युअल मंजूर. आमच्या वॉर्डात ड्युटीवरून भांडणं होत नसत, आणि त्याचं श्रेय मी या मोकळेपणाला देत असे.

आज मी म्युच्युअलवर बंधन हवं असं म्हणते. हे मत बदललं मस्टरनं. रजांचा हिशोब लावताना लिस्ट आणि मस्टर शेजारी शेजारी ठेवले. लिस्टमध्ये नाइट सगळ्यांना सारख्या वाटलेल्या होत्या; मस्टरमध्ये मात्र रविवारच्या आणि सणासुदीच्या नाइट त्याच त्या कंत्राटी मुलींच्या नावावर. दुपारी २ ला इव्हिनिंगला आलेली एक मुलगी रात्री ८ ला ओव्हर न देता तशीच नाइटला थांबली होती आणि सकाळी ८ ला सुटली होती. सलग अठरा तास, आणि तेही अर्ज रीतसर असताना. तिला विचारलं तर म्हणाली, “सिस्टर, मोठ्यांना नाही कसं म्हणायचं?” त्या मुलींचा करार दर अकरा महिन्यांनी नवा होतो. भांडण नव्हतं, कारण भांडायची सोयच नव्हती.

१९४८ च्या कारखाने कायद्यात कलम ६३ होतं. आधी लावलेल्या वेळापत्रकाबाहेर कामगाराला कामाला लावायचं नाही आणि काम करूही द्यायचं नाही, असा त्याचा आशय. त्यातलं ‘करूही द्यायचं नाही’ मला पूर्वी जाचक वाटायचं. आता वाटतं, ज्यानं ते लिहिलं त्याला अशी संमती कशी मिळते हे पुरतं ठाऊक असणार.

म्युच्युअल बंद करा असं मी म्हणत नाही. गौरी-गणपती येणारच. पण दिलेली नाइट त्याच महिन्यात नाइटनंच परत मिळावी. दोन ड्युट्यांमध्ये किमान अकरा तास सुटावेत. युरोपात २००३ च्या निर्देशानुसार रोजची सलग विश्रांती तेवढी धरतात. सकाळी नाइट संपवून त्याच दुपारी इव्हिनिंग, हे तर कुणाच्याही सहीनं चालू नये. सहा तासांत घरी जायचं, जेवायचं, झोपायचं आणि परत यायचं, मग इन्सुलिनचा डोस मोजायचा. लिस्टचा क्रमही मॉर्निंग, इव्हिनिंग, नाइट असाच पुढे सरकावा. झोप अलीकडे ओढण्यापेक्षा पुढे ढकलणं शरीराला सोपं जातं.

यानं माणसं वाढत नाहीत, हे खरंच. जागा भरेपर्यंत कुणाला तरी जादा नाइट कराव्याच लागतील. मात्र त्या लिस्टवर सगळ्यांना दिसाव्यात, आणि त्यांत कायम सिस्टरांचीही नावं असावीत. माझ्यासकट.