व्हायजरचे कान

आमची मोटारसायकल लांबच्या प्रवासाची, पुढे मोठे फेअरिंग असलेली. गॅरेजमधले लोक त्या सगळ्यालाच व्हायजर म्हणतात. मामेभाऊ आखातात नोकरीला गेला तेव्हा त्याच्याकडून रोखीने घेतली. दर पंधरा दिवसांनी चिपळूणहून कराडला अम्मींकडे जायचे म्हणजे कुंभार्ली घाटातून सुमारे 100 किलोमीटर. अम्मी एकट्या राहतात. शाळा सुटल्यावर निघून इशापर्यंत पोहोचायचे तर एस.टी.ची वेळ जुळत नाही.

पावसाळा संपता संपता हेडलाइटचा उजेड थरथरू लागला. घाटातल्या वळणावर तो रस्ता सोडून दरीकडे झुकायचा. उघडून पाहिले तर फेअरिंग धरून ठेवणाऱ्या प्लास्टिकच्या चार कानांपैकी तीन तुटलेले आणि मागच्या लोखंडी स्टेला जोडावरच तडा. मॉडेल बंद झालेले, सुटे भाग मिळेनात.

"भाभी, विकून टाका. हप्त्यावर नवी घ्या," दीर म्हणाले.

हप्ता म्हणजे व्याज. अब्बांच्या काळापासून आमच्या घरात व्याज घ्यायचे नाही आणि द्यायचेही नाही. रोखीने नवी घेण्याइतकी बचत नव्हती आणि अम्मींकडे जाणे थांबवता येत नव्हते. मग मरम्मत, दुसरे काय! उर्दूच्या तासाला हा शब्द आला की आम्ही मुलांना सांगतो, मराठीतली 'मरामत' हीच.

आधी कान का तुटले ते पाहिले. बोल्टखाली रबरी ग्रोमेट असतो आणि त्याच्या आत धातूची छोटी कॉलर. बोल्ट त्या कॉलरवर आवळला जातो, प्लास्टिकला थोडे हलायला जागा राहते. आमच्या तीन कॉलर गायब होत्या. कधीतरी सर्व्हिसिंगला फेअरिंग उघडले, कॉलर गळून पडल्या आणि बोल्ट तसेच करकचून आवळले, असेच झाले असणार. कारण जो एक कान शाबूत होता, त्याचीच कॉलर जागेवर होती.

स्टे सोडवून वेल्डिंगवाल्याकडे नेला. गाडीवर असतानाच वेल्डिंग मारू देऊ नये, त्या करंटने इंजेक्शनच्या गाडीचा ईसीयू जाऊ शकतो. तड्यावरचा रंग खरवडून त्याने टाका मारला, दहा मिनिटांचे काम.

प्लास्टिकने मात्र दोन रविवार घेतले. फेअरिंगच्या आतल्या बाजूस 'एबीएस' अशी अक्षरे असतात, ती आधी शोधावीत. तिथे 'पीपी' असेल तर पुढची कृती उपयोगाची नाही. एबीएस ॲसिटोनमध्ये विरघळते, पीपी विरघळत नाही. शाळेच्या प्रयोगशाळेत ॲसिटोनची बाटली आहे, पण ती अमानत. म्हणून रंगाच्या दुकानातून विकत आणले. घरात नेलपॉलिश कोणी लावत नाही, वुजूला अडचण, त्यामुळे रिमूव्हर असण्याचाही प्रश्न नव्हता. शिवाय त्यात तेल-सुगंध मिसळलेले असतात.

याच गाडीच्या फुटक्या साइड पॅनेलचे तुकडे काचेच्या बरणीत ॲसिटोनमध्ये रात्रभर ठेवले, सकाळी काकवीसारखा लगदा. हे काम गॅलरीत करावे. वाफ लवकर पेट घेते, गॅसची शेगडी जवळ नको.

तडा जिथे संपतो तिथे बारीक छिद्र पाडले, म्हणजे तो पुढे सरकत नाही. कडा पॉलिश पेपरने खरखरीत केल्या. चहाच्या नव्या गाळणीची स्टीलची जाळी कापून आतल्या बाजूने ठेवली आणि सोल्डरिंग आयर्नने प्लास्टिकमध्ये बसवली. तोंडावर मास्क आणि खिडकी उघडी, कारण धूर वाईट असतो. वर लगद्याचे दोन थर. पहिला पूर्ण वाळल्याशिवाय दुसरा द्यायचा नाही. दोन दिवस हात लावला नाही. धाकट्याने मात्र बोट लावून पाहिलेच, त्याचा ठसा अजून आहे.

कॉलर लेथवाल्याने पितळी नळीच्या कापून दिल्या. ग्रोमेट जुन्या ट्यूबचे कापले. बोल्ट हाताने फिरेल तेवढा फिरवून पान्याने जेमतेम आवळला.

गेल्या शनिवारी घाट चढताना धुके होते. उजेड वळणावर वळला, पांढऱ्या पट्टीवर टिकला. पाटणला थांबून मगरिब पढली आणि टॉर्चने कान तपासले. दोन घट्ट होते. तिसऱ्याच्या कडेला केसाएवढी रेघ दिसली. ती जुनीच असावी, तरी खडूने तिच्या टोकाला खूण केली आहे. पुढच्या फेरीत ती खुणेपलीकडे गेलेली दिसली, तर त्या कानाला जाळीचा दुसरा तुकडा लावायचा. गाळणी अर्धी शिल्लक आहे.